गाडीच्या नाश्त्याचं काय?

आमच्या मॅडमना लोकांच्या तक्रारी आवडायच्या. कुणाला गाणं आवडतं, कुणाला तळलेले बोंबील आवडतात, तशा. समोरून एखादा माणूस नाकपुड्या फुगवून, हातात बिल नाचवत येताना दिसला की आम्ही रिसेप्शनवरच्या मुली कॉम्प्युटरच्या स्क्रीनमागे डोकी घालायचो. मॅडम मात्र चहाचा कप बाजूला सारून, पदर सारखा करून, अशा काही सरसावून बसायच्या की येणाऱ्याला वाटावं, आपण चुकून कुणाकडे जेवायला तर आलो नाही ना!

"बसू नका," त्या त्याला सांगायच्या. "उभ्यानेच बोला. बसून आवाज लागत नाही."

हॉटेल मुलुंडच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी होतं. हॉटेलला चिकटून वॉटर पार्क. घसरगुंड्या, लाटांचा तलाव, आकाशपाळणा आणि पोरांचं मन रमवायला हिरव्या बेडकाच्या पोशाखातला एक माणूस. हा बेडूक मूळचा भांडुपचा, पन्नाशीचा, आणि गुडघ्यांनी हैराण. डॉक्टरांनी त्याला उड्या मारायला सक्त मनाई केली होती, त्यामुळे आमच्याकडचा बेडूक चालायचा. दुपारी तर टेकायला खांब शोधायचा. त्याचीही तक्रार यायची. "बेडूक उडी मारत नाही," असं एका सहा-सात वर्षांच्या मुलीने येऊन मॅडमना सांगितलं होतं. मॅडमनी तिला खुर्चीवर उभं केलं आणि सगळं पहिल्यापासून, हातवारे करून सांगायला लावलं.

त्या गेस्ट रिलेशन्सच्या प्रमुख. प्रमुख म्हणजे त्या विभागात त्या एकट्याच. लॉबीच्या डाव्या कोपऱ्यात त्यांचं टेबल, शेजारीच माझं रिसेप्शन. मी कांजूरमार्गहून यायचे, त्याही तिथूनच, म्हणून आमचं जरा जास्त जमलं.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. अंधेरीचे एक गृहस्थ डोक्यावर टॉवेल घट्ट धरून मॅडमच्या टेबलाशी आले. बोगद्याच्या घसरगुंडीत त्यांचा केसांचा टोप गेला होता. बिचारे इतके हळू सांगत होते की ते जेवणाचं विचारताहेत की संडासाचं, तेच मला कळेना. मॅडमनी कानामागे हात नेला.

"शेवटच्या रांगेत ऐकू येत नाहीये."

मागे रांगबिंग काही नव्हती. एक झाडाची कुंडी होती. गृहस्थांनी आवाज थोडा चढवला. मॅडमनी मान हलवली, अजून चढवला. अजून मान हलवली. शेवटी त्या माणसाने टॉवेल भिरकावून दिला आणि चकचकीत डोक्याने भर लॉबीत गर्जना केली, "माझे केस मला परत पाहिजेत!"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "आता कसं बोललात," त्या म्हणाल्या.

टोप तासाभरात गाळणीच्या जाळीत सापडला. बेडकाने तो दोन बोटांत धरून आणला. पण त्या गृहस्थांना आता त्याची तितकीशी गरज वाटेना. तो पिशवीत टाकून ते उघड्या डोक्याने परत घसरगुंडीवर गेले.

मॅडमच्या ह्या सगळ्या प्रकाराला कारण होतं. त्यांचे वडील मालवणकडचे, परळच्या गिरणीत कामाला, आणि पाळी सुटली की कामगारांच्या नाटकात. मॅडम लहानपणापासून विंगेत पुस्तक घेऊन प्रॉम्प्टिंगला बसायच्या. पुढे सोसायटीच्या गणपतीत नाटकं बसवायला लागल्या. ती सवय कामावरही सुटली नाही. पाहुणा रागाच्या भरात अडखळला, "हे म्हणजे... हे म्हणजे..." करायला लागला, की मॅडम ओठ न हलवता पुटपुटायच्या, "शुद्ध फसवणूक."

"हां, शुद्ध फसवणूक आहे ही!" पाहुणा ओरडायचा.

"आम्ही काय मूर्ख आहोत?"

"आम्ही काय मूर्ख आहोत?"

आपल्याला शब्द कोण पुरवतंय हे त्याच्या ध्यानातही यायचं नाही. सगळं बोलून झालं की मॅडम ड्रॉवरमधून खटखटे लाडू काढायच्या. जत्रेत मिळतात ते, शेव-गुळाचे, दगडासारखे. गावाहून कुणी ना कुणी आणून द्यायचं. तो लाडू एकदा तोंडात गेला की माणसाला बराच वेळ काही बोलता येत नाही, आणि तेवढ्यात मॅडम त्याला म्हणायच्या, "आता माझं ऐका." लाडू संपेपर्यंत बहुतेकांचा राग संपलेला असायचा. ज्याचा उरायचा, त्याला दुसरा.

मग आमच्याकडे नवे साहेब आले.

जनरल मॅनेजर म्हणून आले. तरुण, शिकलेले, अंगाने किरकोळ, आणि सतत घाईत. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना वाटायचं की नीट वाक्य शोधून काढलं की कुठलीही गोष्ट कुणाच्याही गळी उतरवता येते. आल्या आल्या त्यांनी पार्किंगला पैसे लावले. आजवर हॉटेलात उतरणाऱ्यांची गाडी फुकट उभी राहायची. आता रात्रीचा दर लागू झाला, बिलात नवी ओळ आली, आणि गेटवर मोठा फलक लागला. फलकावर हसणारा बेडूक होता.

त्या उन्हाळ्यात मी जे पाहिलं ते पुन्हा पाहायला मिळणार नाही.

खोलीसाठी, पार्कसाठी, जेवणासाठी लोक निमूट कार्ड काढून द्यायचे. पार्किंग म्हटलं की तीच माणसं पेटायची. बोरिवलीचं एक कुटुंब गाडी पार हायवेपलीकडे लावून चालत आलं. पोहण्याचे कपडे घालून, कमरेला फुगवलेल्या रबरी ट्यूब अडकवून, बॅगा ओढत, सगळ्यांत पुढे आजी. "पैसे वाचले," असं म्हणत त्यांनी लॉबीत शिरल्या शिरल्या सगळ्यांसाठी आइस्क्रीम मागवलं.

एका बाईंनी विचारलं, "आमची गाडी छोटी आहे. अर्धेच घ्या ना."

एकाने पुढची दोन चाकं आमच्या हद्दीत आणि मागची दोन महापालिकेच्या रस्त्यावर ठेवून तिथेच वाद घातला.

एक म्हणाला, "मी खोलीचं भाडं भरलंय ना? मग गाडी खोलीत घेऊन जातो." आणि खरंच लिफ्टची रुंदी मोजायला गेला.

पण ह्या सगळ्यांवर कडी केली ती ठाण्याच्या एका साहेबांनी. त्यांनी पैसे भरायला साफ नकार दिला. वर म्हणाले, "पार्किंग म्हणजे उभी करणं. मी गाडी उभी करणारच नाही." आणि त्यांनी ड्रायव्हरला हॉटेलला फेऱ्या मारायला लावलं. साहेब लाटांच्या तलावात, आणि ड्रायव्हर आमच्या भिंतीभोवती गोल गोल. दर थोड्या वेळाने काचेतून ती पांढरी गाडी जाताना दिसायची आणि ड्रायव्हर आमच्याकडे केविलवाणा बघायचा. पेट्रोल किती जळतंय हे साहेबांना सांगायची आमची कुणाची छाती झाली नाही.

आणि मॅडम? मॅडमचं वय कमी झालं. लवकर येऊ लागल्या. केसात अबोली माळू लागल्या.

पण त्यांना एक खंत होती. "सगळे एकच बोलतात गं," मला म्हणायच्या. "लूट. जो येतो तो लूट म्हणतो. भाषेचा काही विचारच नाही."

एकदा एक दांडगा माणूस टेबलावर हात आपटून म्हणाला, "ही लूट आहे!"

"नको," मॅडम म्हणाल्या.

"काय नको?"

"लूट नको. सकाळपासून सगळ्यांनी तेच वापरलंय. तुमचा आवाज चांगला आहे, त्याला शोभेल असं काहीतरी घ्या."

माणूस गडबडला. इकडे तिकडे बघून म्हणाला, "दरोडा?"

"बरं आहे. पण जरा विचार करा. चहा पितापिता करा, घाई नाही."

तो खरंच विचार करत बसला. दोन चहा झाले. मग त्याच्या बायकोने येऊन त्याला ओढून नेलं. जाताजाता तो वळून म्हणाला, "संध्याकाळी सांगतो हां!"

नव्या साहेबांना हे सगळं असह्य होत होतं. त्यांनी सगळ्या स्टाफला एक वाक्य पाठ करायला दिलं. पार्किंगबद्दल कुणी काहीही बोललं तरी हसून म्हणायचं, "सर, हे आपल्याच सोयीसाठी आहे." आम्ही पाठ केलं. मॅडमनी नकार दिला.

"का, प्रॉब्लेम काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"सायबा, ह्या वाक्य पडतला," मॅडम म्हणाल्या. फार मनापासून बोलायचं असलं की त्या मालवणीवर यायच्या. मग साहेबांना कळावं म्हणून पुन्हा सांगितलं, "हा संवाद पडेल. पैसे तुम्ही घेताय आणि सोय त्याची म्हणताय. हे स्टेजवर कुणी म्हटलं ना, तर लोक चपला फेकतील."

"मॅडम, हे स्टेज नाहीये."

"हां, म्हणून तर चपला अजून पायात आहेत."

साहेबांचे कान लाल झाले. पुढच्या आठवड्यात लॉबीत एक यंत्र आलं. त्यावर तीन चेहरे होते. हिरवा हसरा, पिवळा गप्प, लाल रडका. पाहुण्याने जाताना एक दाबायचा की झालं. साहेबांनी आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं की सीझन संपेपर्यंत लाल जास्त पडले तर गेस्ट रिलेशन्सचं टेबल ठेवण्यात अर्थ नाही. मालक येतील तेव्हा तेच त्यांना सुचवणार.

मॅडम यंत्राजवळ गेल्या, रडक्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्याला काय झालंय ते कुणी विचारतच नाही."

त्या दिवशी आम्ही दोघी बरोबरच घरी निघालो. रिक्षात त्या भांडुप गेल्यावर एकदम म्हणाल्या, "मला काढलं तर मी काय करीन गं? घरी तक्रार करायला कुणी नाही. नवरा होता तोही भारी समाधानी माणूस." आणि खो खो हसल्या. मला मात्र हसू येईना.

यंत्राचं म्हणाल तर ते पोरांनी ताब्यात घेतलं. लाल बटण दाबलं की 'टुंग' असा छान आवाज यायचा, हिरव्याला तसा येत नव्हता. पोरं रांगा लावून लाल दाबायची. लालचा डोंगर झाला. साहेब रोज आकडा बघून मॅडमच्या टेबलाकडे अशी नजर टाकायचे की आम्ही समजायचो, आता टेबल गेलं.

मालक येणार त्याच दिवशी सकाळी घाटकोपरच्या एका काकांची तक्रार आली.

काका म्हणजे निवृत्त शिक्षक, सडपातळ, पांढरा शर्ट इन केलेला. बरोबर काकू. दोघं दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला आमच्याकडे एक रात्र राहायची. त्यांची गाडी जुनी, आकाशी रंगाची, काका तिला स्वतः धुवायचे, पुसायचे, आणि दार हळू लावायचे, झोपलेल्या पोराच्या खोलीचं लावतात तसं. आदल्या रात्री राहून झालं होतं. नाश्त्याआधी ते बिल घेऊन मॅडमच्या टेबलाशी आले. आवाज न चढवता म्हणाले,

"ही ओळ काय आहे, सांगाल का?"

"गाडीचं रात्रीचं पार्किंग," मी बाजूने म्हटलं.

"म्हणजे गाडी रात्री इथे राहिली, त्याचे पैसे."

"हो सर."

"मी राहिलो, माझे पैसे घेतलेत. ही राहिली, हिचे घेतलेत. गाडी राहिली, तिचेही घेतलेत. माझी काही हरकत नाही. पण मला आणि हिला तुम्ही नाश्त्याची कुपनं दिलीत." काकांनी दोन कुपनं टेबलावर ठेवली. "गाडीच्या नाश्त्याचं काय?"

मी त्यांच्या चेहऱ्यावर कुठे हसू सापडतंय का बघत होते. काही नव्हतं. माणूस पूर्ण गंभीर होता.

आणि मग मॅडम उभ्या राहिल्या. आजवर कितीतरी बड्या असामी येऊन बोंबलून गेल्या होत्या, मॅडम कुणासाठी उठल्या नव्हत्या.

"पुन्हा एकदा म्हणाल?" त्यांनी हळूच विचारलं.

काकांनी पुन्हा म्हटलं, शब्दाला शब्द तसंच.

"ह्याला म्हणतात मुद्दा," मॅडम मला म्हणाल्या. "ऐकलंस? आवाज नाही, आदळआपट नाही. नुसता मुद्दा." मग काकांकडे वळून, "तुम्ही आलात तेव्हा तुम्हाला काय दिलं होतं?"

"कोकम सरबत, गार रुमाल, आणि हिला गुलाबाचं फूल."

"आणि गाडीला?"

"पावती."

"आमची चूक झाली," मॅडम म्हणाल्या. "चला."

काकू मागून म्हणाल्या, "अहो, तुम्ही गाडीचं बघा. मी तलावात जाते. मला लाटा चालू असताना पोहायचंय." आणि टोपी चढवून त्या गेल्यासुद्धा.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. मॅडमनी स्वयंपाकघरातून ताट मागवलं. निरांजन, हळदकुंकू, अक्षता. बागेतून झेंडू तोडायला लावला आणि स्वतः हार गुंफला. बेडकाला हाक मारली, त्याच्या हातात गार रुमालांचा ट्रे दिला. खोल्यांत बिछान्यावर ठेवतात तसा टॉवेलचा हंस एका मुलाकडून करून घेतला. अशी ती वरात पार्किंगमध्ये निघाली. पुढे मॅडम, मागे काका, त्यांच्या मागे पाय घासत बेडूक, आणि शेवटी कोकम सरबताचा पेला सांभाळत मी.

मॅडमनी गाडीला हार घातला. टपावर हंस ठेवला. बेडकाने गार रुमालाने दिवे पुसले. सरबत बॉनेटवर ठेवलं. मग मॅडमनी ताट हातात घेतलं.

"थांबा," काका म्हणाले. त्यांचा चेहरा बदलला होता. "बाई, खरं सांगा. तुम्ही माझी थट्टा करताय का? घरी सगळे करतात. मुलगा म्हणतो, बाबा, भंगारात द्या. सून म्हणते, नवी घ्या. मी बोललो की सगळे हसतात. तुम्ही पण हसून घेताय का?"

बेडकाने खाली मान घातली.

"तुम्ही गंभीरपणे बोललात," मॅडम म्हणाल्या, "म्हणून मी गंभीरपणे ऐकलं. हसायचं असतं तर तिथेच हसले असते. एवढा हार गुंफत बसले नसते. माझी कंबर दुखतेय."

काकांनी मग चष्मा काढून पुसला. "ओवाळताना जरा डावीकडून घ्या," ते म्हणाले. "उजवा दिवा गेलाय तिचा."

मॅडमनी ओवाळलं. अक्षता टाकल्या. "आता नाश्ता. काय घेते ही सकाळी?"

"पाणी," काका म्हणाले. "रेडिएटरला. पण गार असतानाच."

तर डायनिंग हॉलमधला वेटर हातावर पांढरा नॅपकिन टाकून, चांगल्या जगमधून पाणी घेऊन आला. काकांनी सरबत उचलून बॉनेट उघडलं. वेटरने झुकून, एक थेंब न सांडता पाणी ओतलं आणि सवयीने विचारलं, "और कुछ लेंगे, सर?" कुणाला, ते त्यालाच ठाऊक.

एव्हाना गर्दी जमली होती. पहिल्यांदा ते आजी-ट्यूबवालं बोरिवलीचं कुटुंब ओरडलं. "आमच्या गाडीला का नाही?" त्यांची गाडी तर ह्याही खेपेला हायवेपलीकडे होती. मुलगा धावत गेला, गाडी आणली, पैसे भरले आणि रांगेत उभी केली. मग बाकीचे. "आम्ही काय फुकट राहतो का?" "आमचीला पण ओवाळा!" "बेडूक इकडे पाठवा!" लोक मोबाइल काढून रील करायला लागले. अर्धे पैसे मागणाऱ्या बाईंनी छोट्या गाडीला मोठा हार पाहिजे म्हणून हट्ट धरला. बागेतला झेंडू संपला तेव्हा जास्वंदीवर हात पडला. बेडूक एका बंपरवर बसून मुखवट्याच्या आतून म्हणत होता, "अगं आई गं, माझे गुडघे." तेवढ्यात ठाण्याच्या साहेबांची ती पांढरी गाडी, जी त्या दिवशीही फेऱ्याच मारत होती, गेटातून आत वळली. ड्रायव्हर उतरला, घामाघूम. खिशातून स्वतःचे पैसे काढून पार्किंग भरलं आणि हात जोडून म्हणाला, "मॅडम, गाडीचं राहू द्या. सरबत मला द्या."

आणि नेमके ह्याच वेळी मालक आले. शेजारी आमचे साहेब.

साहेबांचा चेहरा त्या यंत्रावरच्या लाल चेहऱ्यासारखा झाला. "सर, मी आत्ता सगळं बंद करतो, मी ह्याबद्दल तुमच्याशी बोलणारच होतो..."

मालक थांबले. हार घातलेल्या गाड्यांची रांग बघितली. एका पाहुण्याला विचारलं, "पार्किंगचे पैसे घेतले का तुमच्याकडून?"

"घेतले ना," तो पाहुणा म्हणाला. पुन्हा राहायला आलेला तोच दांडगा, लूटवाला. "पण काय मान ठेवला राव! बायकोच्या माहेरी एवढा ठेवत नाहीत."

मालकांचे डोळे चमकले. संध्याकाळपर्यंत हुकूम निघाला. उद्यापासून हे रोज. पॅकेज. वाढीव दरात. प्लास्टिकचे हार, ध्वनिमुद्रित सनई, आणि बेडूक सक्तीचा.

मॅडमचं टेबल वाचलं. पण मॅडमनी पॅकेज करायला नकार दिला. "त्या काकांनी विचारलं होतं म्हणून मी केलं," त्या मालकांना म्हणाल्या. "ह्यांनी कुणी विचारलेलं नाही." मालकांनी खांदे उडवले आणि ते काम साहेबांच्या गळ्यात घातलं.

व्हायचं तेच झालं. आठवडाभरातच तक्रारींचा महापूर आला. हार वायपरमध्ये अडकला. अक्षता एसीत गेल्या. बेडकाच्या नखाने रंग खरवडला. एका बाईंच्या नव्या गाडीवर कुंकवाचा डाग पडला. साहेब रोज उन्हात सनईच्या स्पीकरशेजारी उभे राहायचे, हसायचे आणि म्हणायचे, "सर, हे आपल्याच सोयीसाठी आहे." आणि लोक त्यांना काय काय बोलायचे ते मी इथे सांगणार नाही.

एका दुपारी साहेब मॅडमच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. टाय सैल, खांद्यावर एक पाकळी.

"मॅडम," ते म्हणाले, "लोक मला फार ओरडतात हो."

"बसू नका," मॅडम सवयीने म्हणाल्या. मग त्यांच्याकडे नीट बघून म्हणाल्या, "बरं, बस रे बाबा. तू बस."

त्यांनी साहेबांना लाडू दिला आणि तो विरघळेपर्यंत स्वतः बोलल्या. मग त्या दोघांची तालीम सुरू झाली. मी शेजारून ऐकत होते.

"मी पाहुणा आहे. हे पैसे कसले घेता?"

"सर, हे आपल्याच..."

"पडलं. पुन्हा. तुला स्वतःला काय वाटतं ते सांग."

"मला वाटतं... मालकांनी सांगितलंय म्हणून घेतो."

"पुढे?"

"मलाही आवडत नाही. माझी आई आली होती, तिच्याकडूनही घ्यावे लागले. ती अजून माझ्याशी बोलत नाही."

मॅडमनी टाळी वाजवली. "हे वाक्य ठेव. एक अक्षर बदलू नको."

दुसऱ्या दिवसापासून साहेब तेच बोलायला लागले. पहिला पाहुणा तोंड उघडून तसाच उभा राहिला. दुसऱ्याने त्यांच्या पाठीवर थोपटलं. एका काकूंनी तर त्यांना बाजूला घेऊन आईला कसं मनवायचं ते समजावून सांगितलं, आणि पैसे भरले. पॅकेज हळूहळू बंद पडलं. सनईचा स्पीकर स्टोअरमध्ये गेला. यंत्राचं लाल बटण पोरांनी इतकं दाबलं की ते आत रुतून बसलं. पार्किंगचा दर मात्र आजही आहे, उलट वाढलाय. मी मुद्दाम सांगते, कारण कुणाला वाटेल की शेवटी तो रद्द झाला. कुठे रद्द होतो?

घाटकोपरचे काका पुढच्या वर्षीही आले. गाडीचे आता दोन्ही दिवे लागत होते. ते स्वतः सरळ मॅडमच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "ह्या वेळी काही तक्रार नाही."

मॅडमचा चेहरा पडला. "असं म्हणू नका हो," त्या म्हणाल्या. "काहीतरी बघा ना." काकांनी खूप विचार करून उशी जरा मऊ असल्याचं सांगितलं. मॅडमना तेवढ्यावर समाधान मानावं लागलं.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा स्टाफच्या डायनिंग हॉलमध्ये निरोप समारंभ झाला. मालक आले, साहेबांनी शाल दिली. भाषणं झाली. मालक शेवटी शिष्टाचार म्हणून म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं आमच्याकडे काम केलंत. काही अडचण, काही तक्रार?"

अशा वेळी माणूस हात जोडतो आणि "छे छे" म्हणतो. मॅडम उभ्या राहिल्या. शाल काढून बाजूला ठेवली. घसा साफ केला.

"खुर्ची," त्या म्हणाल्या.

आणि मग त्या बोलत राहिल्या. ती खुर्ची पहिल्या दिवसापासून कशी डावीकडे कलते, ती कलल्यामुळे त्यांना सगळी दुनिया कशी तिरकी दिसायला लागली, तिचं एक चाक कसं मनाला येईल तेव्हा वळतं, ती बदलून मागितल्यावर कोण काय म्हणालं, त्या खुर्चीत बसून दिवाळ्या कशा गेल्या, नवरा वारल्यावर चौथ्या दिवशी त्या परत आल्या तेव्हा तीच खुर्ची कशी करकरली आणि ते करकरणं ऐकून त्यांना कसं बरं वाटलं, आणि तरीसुद्धा, ह्या सगळ्यासकट, ती खुर्ची किती नालायक आहे. मध्येच त्या हसवत होत्या, मध्येच एकदम आवाज खाली आणत होत्या. वेटर ट्रे घेऊन तसेच उभे. बेडकाने डोक्यावरचा मुखवटा काढून मांडीवर घेतला होता. चहाचं पातेलं गार झालं तरी कुणी उठलं नाही. त्यांनी एकदाही 'लूट' म्हटलं नाही.

भाषण संपलं. मग पहिली टाळी मालकांनी वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी खुर्ची आली. काळी, गुबगुबीत, हात असलेली, उंची कमीजास्त करता येणारी. मॅडमचं टेबल आता माझ्याकडे आलं होतं, त्यामुळे खुर्चीही माझ्याकडेच आली. मी लगेच मॅडमना फोन लावला.

"आली?" त्या म्हणाल्या. "खरंच?"

"हो मॅडम."

"फिरते?"

"हो, छान फिरते."

पलीकडून मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुपारी लॉबीचं दार उघडलं आणि मॅडम आत आल्या. घरच्या साडीवर, पायात रबरी चपला, रिक्षातून थेट. मी उठून उभी राहिले. त्या सरळ खुर्चीत बसल्या. मागे टेकल्या. हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. एकदा उजवीकडे फिरल्या, एकदा डावीकडे, आणि मग डोळे मिटून तशाच बसून राहिल्या. लॉबीत पाहुणे येत-जात होते. मी बाजूला उभी राहून वाट बघत होते.

शेवटी त्यांनी डोळे उघडले.

"बरी आसा," त्या म्हणाल्या. "पण जरा उंच आसा गो."

मी खाली वाकून दांडी दाबली. खुर्ची मॅडमसकट हळूहळू खाली आली.